एकाच कागदावरच्या दोन कादंबऱ्यांची वाटणी

मी, बासिलिसा माग्तोतो, कै. आनाक्लेतो माग्तोतो यांची पत्नी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा आधी चित्रकथांमध्ये अक्षरं लिहिण्याचा आणि नंतर चित्रकथा भाड्याने वाचायला देण्याचा, राहणार मनिलाजवळचं मालाबोन, बाजारामागची खाडीकडची गल्ली, आज माझ्या राहत्या घरात बसून स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून फसवलेलंही नाही. माझी शुद्ध शाबूत आहे. डोक्यात मात्र गोंधळ आहे. वकील निकानोर दुमलाव समोर बसलेत, ते म्हणतात, "बाई, शुद्ध शाबूत आहे एवढंच लिहा. गोंधळाचं कोर्टाला काय करायचंय?" पण लिहून गेलं. उभा जन्म शाईने अक्षरं लिहिली, मला खोडायची सवय नाही.

दुसरी एक सवय आहे, ती आधीच सांगते. माझ्यासमोर कोणी बोललं की माझा हात ते लिहून घेतो. कॉमिक्सच्या कचेरीत चित्रकार चित्रं आणून द्यायचे आणि त्यातल्या माणसांच्या तोंडचे फुगे मी भरायची. तेव्हा या कागदात खोलीतल्या लोकांचं बोलणं शिरलं तर वकीलसाहेबांनी तो कायदा समजू नये आणि मागे राहणाऱ्यांनी ते गाळू नये.

खोलीत कोण आहे तेही लिहिते. माझी एकुलती एक मुलगी अम्पारो, कॉलेजात साहित्य शिकवते. क्रिसान्तो कातिंदिग, ज्याला आम्ही सान्तो म्हणतो, सिनेमाच्या थिएटरांचे फलक रंगवतो. तो माझा कोणी नव्हे, पण त्याची आई गेल्यापासून माझ्या पुस्तकांच्या टपरीच्या बाकावर वाढला. आणि साक्षीला बोलावलेले तिघं: रुफिनो रिक्षावाला, माशांचा खारट रस विकणारी लुझविमिंदा पातिसवाली आणि तेओदुलो न्हावी. भरतीचं पाणी गल्लीत शिरायला लागलंय, ते उंबऱ्याला लागायच्या आत सह्या उरकायच्या असं ठरलंय.

कलम पहिले. हे घर मी अम्पारोला देते. दर मोठ्या पुरानंतर आम्ही जमीन वर उचलत आलो, त्यामुळे आता छप्पर डोक्याला लागतं. अम्पारो बापावर गेलीय, उंच आहे. तिने वाकून राहावं नाहीतर छप्पर उचलावं, तिची मर्जी.

कलम दुसरे. पतपेढीत जे काही आहे त्यातून माझं मर्तिक करावं. जागरणाला येणाऱ्यांना पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, द्यावं, कोळंबी घातलेलं. पत्ते कुटायला बसणारे जिंकतील त्यातला घराचा वाटा आपल्या रीतीप्रमाणे काढून घ्यावा, आणि रुफिनोच्या पानांवर नजर ठेवावी.

"हे पण लिहिलंत?" रुफिनो म्हणाला.

लिहिलं.

कलम तिसरे. टपरीची तार, चिमटे, दोन बाक, कात्री, दाभण आणि खळीचं पातेलं सान्तोला देते. दाभणाला मेण लावत जावं, मी सांगून सांगून दमले.

कलम चौथे. टपरीवरची पुस्तकं. उडणारे, गदा फिरवणारे, माशाच्या शेपटीचे, अशा नायकांचे जे गठ्ठे आहेत ते गल्लीतल्या पोरांनी भांडून वाटून घ्यावेत, तीच त्यांची खरी मजा. पण थोडी पुस्तकं अशी आहेत की ती वाचल्याशिवाय कोणी मरू नये असं मला मनापासून वाटतं. ती माणसं पाहून देते.

'पटकीचं वर्ष', भाग दुसरा, हा शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका मिस पेर्पेतुआ यांना द्यावा. पहिला भाग त्यांनी अम्पारोच्या दप्तरातून काढून घेतला होता. "चित्रं बघणारी मुलं वाया जातात," म्हणाल्या, आणि शाळेच्या पटांगणात कॉमिक्सची होळी केली. त्याच वर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी बाजारात माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, नजर माशांवर, आणि हळूच म्हणाल्या, "ती सुईण शेवटी जगते का हो?" मी मुद्दाम न ऐकल्यासारखं केलं. मला फार बरं वाटलं होतं. आता त्यांनी स्वतः वाचावं. त्या पुस्तकात एकही मेलेला माणूस काढलेला नाही, फक्त रिकाम्या खुर्च्या आहेत. घाई करू नये, खुर्च्या एकेक बघाव्यात.

'दुसऱ्यांची स्वयंपाकघरं' ही हाँगकाँगला घरकामाला गेलेल्या एका बाईने रात्री जागून स्वतः काढलेली चित्रकादंबरी आहे. चित्रं कच्ची, हातापायांची मापं चुकलेली. पण त्यातली बाई एकाही पानावर आपल्याकडे बघत नाही, शेवटच्या पानावर बघते, आणि मला तिथे दर वेळी रडू येतं. गल्लीत ज्या घरची बाई परदेशी असेल त्या घरी हे पुस्तक फिरतं राहावं. कोणी आपलं म्हणून दाबून ठेवू नये.

'वल्हं' या पुस्तकात एकही शब्द नाही. एक म्हातारा कोळी, त्याची होडी आणि मुलाने विकलेलं एक वल्हं, बस. हे तेओदुलो न्हाव्याला देते, कारण तो मोठ्याने वाचतो आणि सगळ्या बाकाला वैताग आणतो. या पुस्तकापुढे त्याला गप्प बसावं लागतं हे मी पाहिलंय.

कलम पाचवे. इथे माझा हात अडतो.

पत्र्याच्या पेटीत, मेणकापडात गुंडाळलेलं, सुट्या पानांचं मी शिवलेलं एक पुस्तक आहे. ते कसं झालं ते सांगते. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकाकडे दोन अशा चित्रकादंबऱ्या आल्या की त्यांचं काय करावं त्याला कळेना. एक माझ्या नवऱ्याची, 'मिठाचा हंगाम'. मिठागरात राबणारं एक कुटुंब, एक उन्हाळा, आणि घर सोडून जावं की न जावं या विचारात असलेली धाकटी मुलगी. दुसरी सान्तोच्या बापाची, एउसेबियो कातिंदिगची, 'विझलेल्या गल्ल्या'. जपानी अंमलात दिवे बंद असलेल्या शहरात एक माणूस दारोदार जाऊन हरवलेल्या भावाची चौकशी करतो. प्रत्येक दार उघडलं की आत वेगळंच घर. दोन्हीत कोणी उडत नाही. संपादकाने दोघांना मिळून दर आठवड्याला एकच पान दिलं, पुढून माझा नवरा क्लेतो, मागून सेबियो. म्हणाला, "ज्यांना आवडत नाही त्यांना एका झटक्यात दोन्ही फाडता येतील." लोक फाडायचेही. मासे बांधायला ते पान बरं पडायचं.

मूळ चित्रं कोणी शोधू नयेत. छापून झालं की ती कचेरीत पडून असायची आणि पुराचं पाणी आत आलं की टिपायला जमिनीवर अंथरायची. सगळीकडे तसंच चालायचं, कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. सेबियोच्या अंधाऱ्या गल्लीवर पाय देत मी माझ्या टेबलापर्यंत गेलेली आहे. म्हणून अंकाअंकातून कापून मी जे शिवलं तेवढंच उरलं. अम्पारोने मनिलातली ग्रंथालयं पालथी घातली, दुसरी प्रत नाही.

मी आधी लिहिलं होतं: 'मिठाचा हंगाम' अम्पारोस, 'विझलेल्या गल्ल्या' क्रिसान्तोस. वकीलसाहेबांनी मान डोलावली, म्हणाले कायद्यात झकास बसतं. मग पुस्तक हातात घेऊन त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

छायाप्रती काढून झाल्या. कागद इतका पातळ की मागचं पुढे उमटतं, क्लेतोने काढलेल्या मुलीच्या कपाळावर सेबियोच्या दाराची कडी येते. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे असंही सुचवलं गेलं. पण त्या कागदाला नुसतं हातात धरलं तरी कडा झडतात, त्याला दर वर्षी प्रवास कोण घडवणार? मूल चिरून दोन बायकांत वाटायला निघालेल्या राजा शलमोनाची गोष्ट मला कोणी सांगू नये. त्या गोष्टीत एक बाई खोटी होती. इथे दोघंही खरे आहेत. अम्पारोच्या बापाचं दुसरं काही उरलं नाही आणि सान्तोच्या बापाचं तर थडगंही पुरात गेलं.

अम्पारोला पुस्तक विद्यापीठात ठेवायचंय, काचेच्या पेटीत, वाळवी आणि पाण्यापासून लांब. सान्तोला ते टपरीवर हवंय, लोकांच्या हातात. मघाशी या दोघांचं जे झालं ते असं.

"कागद मधून चिरता येतो, नानाय," अम्पारो म्हणाली; आईला ती नानाय म्हणते. "मनिलात एक जण परदेशातून शिकून आलाय. दोन्ही बाजूंना कापड चिकटवतो आणि ओढतो. कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा कागद सुटतो. पुढचं माझं, मागचं ह्याचं. भांडण संपलं."

"आणि फाटलं तर?" सान्तो.

"बहुतेक फाटत नाही म्हणतो."

"बहुतेक. तुझ्या डोक्याचे केस बहुतेक राहतील असं तेओदुलो म्हणाला तर बसशील का त्याच्या खुर्चीत?"

"मला ह्यात ओढू नका," तेओदुलो म्हणाला.

"तुझ्या बापाचीच खोड तुझ्यात," अम्पारो म्हणाली. "दुसऱ्याचं पान काळं करायचं."

"आणि तुझ्यात तुझ्या बापाची. पान कोरं सोडायचं आणि वरून रुसून बसायचं."

लुझविमिंदा माझ्याकडे बघून म्हणाली, "अगदी ते दोघंच बोलतायत गं." हा कागद चिरायचा म्हणजे काय चिरायचं हे या दोघांना ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असलेली मी एकटीच उरलेय. म्हणून पुढचं लिहिते. हे कलमात बसतं की नाही ते वकीलसाहेबांनी बघावं.

क्लेतो आणि सेबियो एकमेकांशी बोलत नसत. माझ्यावरून बिनसलं असं गल्लीत म्हणतात. मी तशी काही नव्हते. बिनसलं ते शाईवरून. सेबियो काळा रंग ओतायचा, अंधारच काढायचा होता त्याला. तो अंधार कागदातून पाझरून क्लेतोच्या पांढऱ्या मिठागरात उतरायचा. क्लेतोला वाटलं मुद्दाम करतो. सेबियोला वाटलं ह्याला चित्र काढता येत नाही, म्हणून जागा रिकाम्या सोडतो. एकदा कचेरीच्या जिन्यात हमरीतुमरी झाली आणि तिथून पुढे बोलणं बंद.

दोघांची पानं अक्षरांसाठी माझ्याच टेबलावर यायची. थोड्या दिवसांनी जेवताना क्लेतोने विचारलं, "त्या डांबरवाल्याने या खेपेला काळं कुठे ओतलंय?" मी ताटातल्या भातावर बोटाने दाखवलं: इथे वर, आणि इथे कोपऱ्यात. त्याने त्या जागी म्हशीची सावली काढली. पुढच्या आठवड्यात ओल्या मिठाचा ढीग. मग तो दर आठवड्याला विचारू लागला आणि दर वेळी म्हणायचा, "त्याला कळता कामा नये हं."

आणि कचेरीत सेबियो माझ्या टेबलाशी येऊन विडी पेटवायचा. "बासिलिसा, तुझा नवरा पुढच्या खेपेला मीठ कुठे वाळत घालणार आहे?" मी दाखवायची. तो बरोबर त्या जागी दार किलकिलं करायचा, म्हणजे आतला उजेड तिथे पडावा. "त्याला बोललीस तर बघ," म्हणायचा.

मी दोघांनाही बोलले नाही. आता ते पान उजेडात धरून बघा. मिठागरातली मुलगी सेबियोच्या उघड्या दारात उभी दिसते. भाऊ शोधणाऱ्या माणसाच्या पायाखाली मीठ असतं. किती पानांवर असं आहे ते मी कधी मोजलं नाही. ही एक कादंबरी आहे की दोन, मला सांगता येत नाही. दोघं एकमेकांसाठी जागा ठेवत होते की फक्त एकमेकांना चुकवत होते, तेही सांगता येत नाही. कधी वाटतं मी मोठं पुण्य केलं. कधी वाटतं मी एकदा तोंड उघडलं असतं तर दोघं एका टेबलावर जेवले असते. पण मग ती पानं झाली असती का? मला खरंच कळत नाही.

एवढं लिहून मी थांबले आणि कायद्याप्रमाणे वकीलसाहेबांनी ते मोठ्याने वाचलं. अम्पारोने पुस्तक उचललं आणि खिडकीशी नेऊन एक पान उजेडात धरलं. सान्तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला.

"हे आधी का नाही सांगितलंस, नानाय?"

"कोणी विचारलं नाही. तुम्ही दोघं लहानपणापासून आपापलीच बाजू वाचत आलात."

अम्पारोने पान उलटलं, पुन्हा सरळ केलं. "चिरायचं नाही," म्हणाली. "पण मग द्यायचं कोणाला?"

मलाही तेच विचारायचं होतं. खूप घोळ घातला, मग असं लिहिते: हे शिवलेलं पुस्तक मी अम्पारो आणि क्रिसान्तो या दोघांना सामाईक देते. ते दोघांपैकी कोणाच्याही एकट्याचं नाही, त्याचं एकही पान कापू, चिरू किंवा सोडवू नये. "सामाईक म्हणजे भांडणाला लेखी परवानगी," वकीलसाहेब म्हणाले. मला दुसरं सुचत नाही, तुम्हाला सुचत असेल तर सांगा असं मी म्हटलं. त्यांनाही सुचलं नाही.

मग सह्यांची वेळ झाली आणि नवाच घोळ निघाला. साक्षीदार तीन लागतात. रुफिनोने सही केली, लुझविमिंदाने केली. तेओदुलोने पेन उचललं तेवढ्यात वकीलसाहेबांनी त्याचा हात धरला.

"थांबा. कलम चार. तुम्हाला पुस्तक दिलंय ना? लागणाऱ्या तिघांत ज्याला काही मिळतंय असा माणूस आला, तर सही चालते, पण त्याला दिलेलं रद्द होतं. सही हवी की पुस्तक?"

तेओदुलोने क्षणभरही विचार केला नाही. "सही कोणीही करेल. पुस्तक आणा इकडे." तो 'वल्हं' घेऊन बाकावर जाऊन बसला, पाय वर घेऊन, कारण पाणी आत आलं होतं.

तिसरा माणूस आणायला आता गल्लीत कोण सापडणार? वकीलसाहेब बूट हातात घेऊन उद्याची भाषा बोलू लागले. माझा उद्यावर भरवसा नाही, तसं मी म्हटलं. तेव्हा सान्तो पुढे आला.

"मी करतो."

"तुमचा हिस्सा जाईल," वकीलसाहेब म्हणाले. "पुस्तक एकट्या अम्पारोबाईंचं होईल."

"ऐकलं मी. माझ्या खोलीचं छप्पर गळतं, साहेब. तिच्याकडे कोरडं तरी राहील." आणि त्याने सही केली. फलक रंगवणाऱ्याची सही, मोठी, अर्ध्या समासात पसरलेली. मला त्याला थांबवता आलं नाही. मला रडू आलं, आणि तो उदार होऊन देतोय की माझ्यावर रागावून, तेही कळेना.

अम्पारो खिडकीशीच उभी होती. ती आली, सान्तोच्या हातातून पेन घेतलं आणि त्याच्या नावाखाली लिहू लागली.

"बाई, तिघं पुरे झाले," वकीलसाहेब म्हणाले. "चौथ्याची गरज नाही. तुमचं काय चाललंय?"

"काचेच्या पेटीत ठेवलं तर एकच बाजू वर राहणार," अम्पारो म्हणाली. "दुसरी कोण वाचेल? मलाही नको."

"मग पुस्तक राहिलं कोणाचं?" रुफिनोने विचारलं. वकीलसाहेबांनी बूट टेबलावर ठेवले, कायद्याचं पुस्तक पुन्हा उघडलं आणि बोटांवर मोजायला लागले. एकदा मोजलं, डोकं खाजवलं, परत मोजलं.

"हे बघा," ते म्हणाले. "साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं, पण त्याला वगळून दुसरे तीन साक्षीदार असले तर होत नाही. क्रिसान्तोला वगळा. रुफिनो, लुझविमिंदा, अम्पारो. तीन झाले. त्याचा हिस्सा उभा. आता अम्पारोबाईंना वगळा. रुफिनो, लुझविमिंदा, क्रिसान्तो. त्यांचाही उभा. एकट्याने सोडलं असतं तर गेलं असतं. दोघांनी सोडलंत, म्हणून ते दोघांनाही परत."

सान्तोने अम्पारोकडे पाहिलं. "तुला हे माहीत होतं?"

तिने पेनाला टोपण लावलं. ती शिकलेली आहे, वकीलसाहेबांचं पुस्तक मघापासून तिच्या कोपराशी पडलेलं होतं, मी शपथेवर काहीच सांगू शकत नाही. सान्तो हसू लागला आणि मग तीही.

तेव्हा कलम पाचवे लिहिलं तसंच राहील. हा मजकूर मी जागेपणी, गोंधळलेल्या पण शाबूत मनाने लिहिला, सर्वांसमोर वाचून घेतला आणि सर्वांनी माझ्यादेखत व एकमेकांच्या देखत, पाण्यात उभं राहून, खाली सह्या केल्या.

मालाबोन, दिनांक ९ नोव्हेंबर १९९४

लिहून ठेवणार: बासिलिसा माग्तोतो

साक्षीदार:
रुफिनो आबाद
लुझविमिंदा सान पेद्रो
क्रिसान्तो कातिंदिग
अम्पारो माग्तोतो

माझ्यासमोर: निकानोर दुमलाव, वकील व नोटरी